स्लोप म्हणजे ढाळ, उतार की चढ? आणि स्लँट, बायसचं काय?

शब्दकुळी
बेळगावजवळच्या खानापूरकडचा गवंडी 'स्लॅबला स्लोप कमी पडलाय' म्हणतो तेव्हा त्याला ढाळ म्हणायचं असतं. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूमितीत तोच स्लोप 'रेषेचा चढ' होतो. घाटातल्या पाटीवर तो 'तीव्र उतार' असतो. म्हणजे एका शब्दाला तीन मराठी शब्द, आणि त्यातले दोन एकमेकांच्या उलट!

माझं म्हणणं, प्रतिशब्द निवडण्याआधी शब्दाचं कूळ बघावं. स्लोप हे नाम सतराव्या शतकातलं. त्याआधी चौदाव्या शतकात 'अस्लोप' होतं, अर्थ 'तिरपं'. त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक जुन्या इंग्रजीतल्या 'स्लूपन' या क्रियापदापाशी नेतात, म्हणजे निसटणं, सरकणं. शर्टाच्या बाहीला स्लीव्ह म्हणतात तीही याच घरची: जिच्यात हात सरकतो ती. (स्लिप दिसायला सख्खा वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं धरतात.)

स्लँट उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन भाषांतून आला. नॉर्वेजियन 'स्लेंटा' म्हणजे बाजूला पडणं. आणि लीन, इन्क्लाइन यांचं मूळ टेकण्यात आहे. संस्कृतातला 'श्रि' धातू त्यांचा भाऊबंद, म्हणजे आपला 'आश्रय' आणि इंग्रजी 'लीन' एकाच वंशातले. क्लायमेटही तिथलाच: ग्रीक 'क्लिमा' म्हणजे कल. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे पृथ्वी कशी कलत जाते त्यावरून प्रदेश ठरवत, आणि प्रदेशावरून हवामान.

तर सरकण्याला ढाळ किंवा उतार, बाजूला पडण्याला तिरपा, टेकण्याला कल. अशी वाटणी सरळ आहे. 'चढ' यात कुठेच बसत नाही, तो काढून टाकावा.

गवंडीकट्टा
कुळाचा दाखला घेऊन बांधकाम होत नाही. शब्द कुठूनही येऊ दे की, साइटवर त्याचं माप काय ते सांगा. ढाळ म्हणजे किती लांबीला किती खाली, एवढंच.

चार इंची ड्रेनेज पाइपला फुटाला पाव इंच. वीस फूट पाइप असेल तर दुसरं टोक पाच इंच खाली. त्याहून फार कमी दिला तर मैला तळाला बसतो, भलताच जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. गच्चीला शंभराला एक. तीस फूट गच्चीला साधारण साडेतीन इंच. हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून पाण्याच्या नळीनं दोन्ही टोकांना खूण करून मगच कोबा घालायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की लेव्हल खोटी दाखवते, आणि पावसाळ्यात डबकं नेमकं जिन्याच्या दाराशी.

आता तुमच्या वाटणीबद्दल. ढाळ आणि उतार तुम्ही एका खणात टाकलेत. आम्ही नाही टाकत. ढाळ माणूस देतो, उतार जमिनीला असतोच. 'गच्चीला उतार दिला' असं म्हटलं तर कळतं, पण नवखा बोलतोय हेही कळतं. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा हा हट्ट मुळात कुणाचा?

रेषागणित
'चढ काढून टाका' याला सक्त विरोध. भूमितीत रेषा डावीकडून उजवीकडे वाचतात. पुढे जाताना वर गेली तर संख्या धन, खाली गेली तर ऋण. वीस फूट रुंद घर घ्या, आढं, म्हणजे छपराचा मधला माथा, भिंतीपासून पाच फूट उंच. डाव्या बाजूचा चढ +१/२, उजव्या बाजूचा −१/२. इथे 'उतार' शब्द ठेवलात तर वर जाणाऱ्या रेषेला 'धन उतार' म्हणावं लागेल. पोरं गोंधळणार नाहीत तर काय होणार?

रस्त्यावरही तसंच आहे. कर्नाटकातून गोव्यात उतरणारा कॅसल रॉक ते कुळें हा रेल्वेचा घाट ३७ ला १ असा. अंश काढलेत तर जेमतेम दीड! पण कुळेंहून वर येणाऱ्या मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लागतं, तर खाली जाणाऱ्या गाडीचा सगळा भरवसा ब्रेकवर. रूळ तेच, चढ-उतार तुम्ही कुठल्या तोंडानं बघता त्यावर. इंग्रजी शब्द दिशेबद्दल मुका आहे, मराठी बोलते. हे आपलं वैगुण्य नाही.

आणि पुस्तकानं भेद पाळलेलाही आहे. शंकूच्या स्लँट हाइटला 'तिरकस उंची' म्हणतात, चढ नाही. वरच्याच घरात वाशाची तिरकस लांबी ११ फूट २ इंच येते. आडव्या दहा फुटांच्या हिशेबानं लाकूड आणलं की आखूड पडलं. वळचणीसाठी वर दीड-दोन फूट धरायचे ते वेगळेच.

शब्दकुळी
'काढून टाका' मागे घेतो, भूमितीपुरता. तिथं चिन्हाचा प्रश्न आहे हे मान्य. पण बोलण्यात 'गच्चीचा चढ' कोणी म्हणेल का? तेव्हा चढ ही भूमितीची परिभाषा राहू दे. आणि कूळ निरुपयोगी आहे हे मुळीच पटलेलं नाही. पिसाचा मनोरा घ्या. दक्षिणेकडची माती मऊ, तिकडे पाया खचला. १९९० पूर्वी साडेपाच अंशांपर्यंत गेला होता, दुरुस्तीनंतर चारच्या आसपास आहे. त्याला कलता किंवा झुकता मनोरा म्हणतो, 'उताराचा मनोरा' कोणी म्हणत नाही. का? कारण तिथं पृष्ठभाग घसरता नाही, अख्खी वस्तू कललेली आहे. हाच तो लीन आणि स्लोपमधला फरक.

उरेबपट्टी
सगळे घरं बांधत बसलात, कापडाकडे कुणाचं लक्ष नाही. शहापूर-वडगावात माग आहेत आणि शिलाईही आहे, तिथं विचारा. इंग्रजी बायसला आपल्याकडे नेमका शब्द आहे, उरेब. फारसीतून आला आणि टेलरच्या टेबलावर रुळला. उभा ताणा आणि आडवा बाणा, त्यांना ४५ अंशांत कापलेली ती उरेब पट्टी. ती ताणते, कारण त्या दिशेला एकही धागा सरळ धरून नसतो, सगळी जाळी तिरपी सरकते. म्हणून गोल गळ्याला आणि काखेला तीच लावायची. पायपिंगला एक ते सव्वा इंच रुंद पुरते. सरळ पट्टी लावली तर गळा चुण्या घेतो. जोडही ४५ मध्येच द्या, नाहीतर जोडाच्या जागी ती ताणत नाही. इस्त्री दाबून उचला, ओढू नका, ओढली की पट्टी कायमची लांबते.

वाटणीत याला जागा कुठे? ढाळ नाही, कल नाही, आणि 'तिरपी पट्टी' म्हटलं तर ३० अंशांतही कापून देतील.

शिवाय इंग्रजीत बायस फ्रेंचमधून 'तिरपं' या अर्थानं आला, मग सोळाव्या शतकात बोल्सच्या खेळात गेला. तो चेंडू मुद्दाम वाकडा पळेल असा असतो. तिथून तो माणसाच्या मनात शिरला. आपला उरेब कात्रीपाशीच थांबला. 'उरेब बुद्धीचा माणूस' कुणी म्हणत नाही, म्हणायला हरकत नव्हती.

दोन्हीकडचा
या धाग्यात कन्नड अजून आलं कसं नाही? बेळगावात राहून! स्लोपला कन्नडमध्ये इळिजारु. इळि म्हणजे उतरणं, जारु म्हणजे घसरणं. शब्दकुळी ज्या 'स्लूपन'साठी हजार वर्षं मागे गेले ते कन्नडमध्ये आजही उघड्यावर आहे. तिरप्याला ओरे, कलण्याला वालु. म्हणजे सरकणं, तिरपं आणि कलणं ही वाटणी कन्नडमध्ये आहेच, तीही इंग्रजी कुळाला न विचारता. त्यामुळे वाटणी मान्य, पण ती इंग्रजी मुळावरून सिद्ध होते हे अमान्य. माणसाचा पाय घसरतो म्हणून भाषा तसं म्हणते, मग ती कुठलीही असो.

एक भर. संस्कृत 'प्रवण' म्हणजे उतरता, एखाद्या बाजूला झुकलेला. महाराष्ट्राच्या हद्दीत गेलं की पाटी दिसते 'अपघातप्रवण क्षेत्र'. इंग्रजी प्रोन लॅटिनमधला, अर्थ पुढे झुकलेला. दोन्ही शब्दांनी चाल एकच धरली.

पहिलं पान
बातमीच्या भाषेत मात्र ही वाटणी कोसळते. स्लँट म्हणजे तिरपा, बरोबर? मग 'स्लँटेड न्यूज'ला 'तिरकस बातमी' लिहून बघा. वाचकाला वाटेल टोमणे मारलेत. इंग्रजीत स्लँटचा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'बघण्याचा कोन' झाला, पक्षपाताकडे झुकला. मराठीत तिरकस उपहासाकडे गेला. पक्षपातासाठी आपल्याला कलच लागतो: 'एका बाजूला कललेली बातमी'. पण निकालाच्या दिवशी 'मतमोजणीचे कल' म्हणजे आघाडी-पिछाडी, त्यात पक्षपात नाही. मुळाचं बोट धरून गेलात तर दोन्ही ठिकाणी चुकाल.

'स्लिपरी स्लोप'चं 'निसरडा उतार' करतात तेही तसंच. आपल्याकडे 'बोट दिलं की मनगट धरतो' आहे, त्यात उतार नाही, घसरणं नाही, आणि अर्थ पोचतो.

शब्दकुळी
तिरकसचा मुद्दा बिनतोड. वाटणी वस्तूंपुरती ठेवतो, मनापुरती सोडतो. पण 'निसरडा उतार'वर एवढा राग नको. स्लोपच्या पोटातच निसरडेपण आहे, म्हणून इंग्रजीतही ती द्विरुक्तीच.

गवंडीकट्टा
वस्तूंपुरतीही ठेवू नका. मंगळुरी कौलांचं उदाहरण घ्या. १:२ ढाळ, म्हणजे साडेसव्वीस अंश, साधारण पावसाला चालतो. कणकुंबी-जांबोटीकडे वाऱ्याचा पाऊस, तिथं याहून कमी दिलात तर पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं वर चढतं. ढाळावरून चढणारं पाणी! त्याला तुमची वाटणी काय म्हणणार? म्हणून तिकडे वीस फुटी घराला आढं सहा फुटांवर घ्या, ३१ अंश येतात. ४५ च्या पुढे गेलात तर कौलं सरकायला लागतात, तारेनं बांधावी लागतात. रिपांचं, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर ३२ सेंटिमीटर धरायचं, चौरस मीटरला पंधराएक कौलं बसतात. आणि अथणी-रायबागकडे गेलात तर माळवदाची, सपाट मातीच्या छताची घरं. तिथल्या माणसाला ढाळ विचारलात तर तो पन्हळीकडे बोट दाखवेल.

उरेबपट्टी
४५ च्या पुढे कौल सरकतं, ४५ ला कापड ताणतं. शब्दकुळी, स्लूपन जिंकलं म्हणायचं.

शब्दकुळी
मी एवढ्यावर थांबतो. उरेबला वाटणीत चौथा खण देतोय, ४५ अंशांचाच.