‘तोतया’ लिहू की ‘भामटा’?

रानजाई:
टिचबोर्न खटल्यावरचा एक लेख मराठीत करतेय, आणि एकाच शब्दापाशी चार दिवस अडलेय. इंग्लंडमधल्या बड्या घराण्याचा वारस रॉजर टिचबोर्न १८५४ मध्ये रिओहून सुटलेल्या ‘बेला’ जहाजासकट नाहीसा झाला. आईला ते पटेना, तिने जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावचा एक खाटीक ‘तो मीच’ म्हणत पुढे आला. रॉजर किडकिडीत, हा चांगला आडदांड. रॉजर पॅरिसमध्ये वाढलेला, याला फ्रेंच बोलता येईना. तरी आईने त्याला ‘माझाच मुलगा’ म्हटलं. मी ‘भामटा’ लिहिलं, संपादक म्हणतात ‘तोतया’ करा. माझ्या कानाला तोतया म्हणजे परीक्षेतला तोतया उमेदवार नाहीतर गाडी अडवणारा तोतया पोलीस. काय करू?

हर्णैकर:
ताई, तोतयाच. पानिपतानंतर ‘मी सदाशिवरावभाऊ’ म्हणणारा उभा राहिला तो तोतया. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणातले किल्ले भराभर घेत गेला. त्याच साली पकडून पुण्यात त्याला देहान्त दिला. इतकी माणसं त्याच्यामागे गेली कशी? भाऊंचं काय झालं याची खात्री अनेकांना नव्हती, पार्वतीबाईंनी तर कुंकूही पुसलं नव्हतं. आमची आजी, मुंबईला गेलेला कुणी वीस वर्षांनी दारात आला की आधी पाणी द्यायची आणि मग हळूच विचारायची, “तोतया नव्हे ना?” भामट्याला कुणाचीही पिशवी चालते. तोतयाला पंगतीत कुणाचा तरी रिकामा पाट लागतो.

जुना_वकील:
पाटाची गोष्ट आवडली, पण कायद्यात ती टिकत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडविधानाच्या मराठी पाठात ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असाच शब्द होता, आणि ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच. शिवाय टिचबोर्नवाल्याला १८७४ मध्ये चौदा वर्षांची सजा झाली ती शपथेवर खोटं बोलल्याबद्दल.

कर्णिका:
‘भामटा’ मात्र कृपा करून काढा. राजपूत भामटा ही आजही विमुक्तांच्या यादीतली जमात आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, ते ओझं अजून उतरलेलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. बाईंनी कुणाला तरी रागाने ‘भामट्या’ म्हटलं की ती खाली मान घालून पाटीच्या कडेला नख घासत बसायची.

शुद्धमती:
मग ‘छद्मनामा’ घ्या. ‘तोतया’ मुळात तोत्यावरून आलाय असं मला वाटतं. दुसऱ्याचे बोल पाठ करून बोलतो तो.

हर्णैकर:
तोता हिंदीतला, आपला तो पोपट नाहीतर राघू. आणि ‘छद्मनामा’ ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहील?

शुद्धमती:
गवई-गवया चालतो तर तोता-तोतया का नाही? शब्द वापरला की रुळतो. ‘महापौर’सुद्धा कधीतरी नवाच होता.

रानजाई:
कर्णिका, ‘भामटा’ काढला. पण ‘तोतया’पाशीही हात थांबतो, त्याचं कारण सांगते. हा माणूस लंडनला पोचला तो १८६६ च्या नाताळात, आणि त्याच दिवशी वॉपिंगमध्ये ऑर्टन नावाच्या खाटकाच्या कुटुंबाची चौकशी करत हिंडला. पुढे ‘तू रॉजर नव्हेस, आर्थर ऑर्टन आहेस’ असा आरोप त्याच्यावर आला, त्यात ही भेट त्याला फार महागात पडली. आईच्या भेटीआधी त्याला तिथे जावंसं का वाटलं? माझा तर जीव कळवळतो ते वाचताना. १८९५ मध्ये त्याने ‘मी ऑर्टन’ अशी कबुली दिली आणि मग फिरवली. १८९८ मध्ये गेला, तेव्हा शवपेटीवर नाव होतं सर रॉजर टिचबोर्न. दुसऱ्याचं नाव इतकं अंगात मुरलेल्या माणसाला एकच शब्द पुरेल?

जुना_वकील:
खटला चालू असताना इंग्रजीत त्याला ‘दावेदार’च म्हणत. निकालापर्यंत तेच ठेवा, पुढे तोतया करा.

कर्णिका:
दावेदार म्हटलं की वाचणारा निवडणुकीत जाईल.

शुद्धमती:
वकीलसाहेब, ‘ठकवणूक’ कायद्यात आणि ‘फसवणूक’ बाजारात, असं का? ठक आणि ठग मुळात एकच ना?

हर्णैकर:
एकच. तरी ठकसेन म्हणतो आपण, ठगसेन नाही.