'यहुदी राज्य' म्हणजे धर्मराज्य का?

प्रश्न : इस्रायलबद्दलच्या बातम्यांत कधी 'ज्यू राष्ट्र' लिहितात, कधी 'यहुदी धर्मराष्ट्र'. दोन्ही चालेल का?

– 'धर्मराष्ट्र' नको. तिथले १९९२चे मूलभूत कायदे 'यहुदी आणि लोकशाही राज्य' म्हणतात. कायदे संसद करते, म्हणजे क्नेसेट, रब्बी (ज्यू धर्मगुरू) नव्हेत.

– पण लग्न-घटस्फोट? ज्यूंसाठी ते १९५३च्या कायद्याने रब्बींच्याच न्यायालयांकडे आहेत. देशात नागरी विवाहाची सोय नाही, म्हणून जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. एवढ्यापुरतं तरी धर्मराज्यच की!

– खरी गोम 'यहुदी' या शब्दातच आहे. हलाखा, म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र, ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्याला ज्यू मानतं. ऑस्वाल्ड रुफायझेन असेच जन्माने ज्यू, पुढे ख्रिस्ती साधू झाले. ज्यू म्हणून त्यांनी नागरिकत्व मागितलं, तर १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं : धर्मशास्त्र काहीही म्हणो, बोलीभाषेत ख्रिस्ती झालेल्याला कोणी ज्यू म्हणत नाही! शेवटी ते इतर परदेशी माणसांसारखे रीतसर अर्ज करून नागरिक झाले. शब्दार्थावरून निकाल लागलेला असा खटला विरळाच.

नेमकं उलटं आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचं झालं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली. इस्रायलच्या सरकारने त्यांना ज्यू म्हणून नागरिकत्व दिलं, पण इतर ज्यूंशी त्यांचं लग्न लावायची वेळ आली की रब्बी पूर्वजांची चौकशी करू लागले. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली. १९६४मध्ये क्नेसेटने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बींना चौकशीच्या आपल्या सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं. धर्मातला वाद मतदानाने मिटवला, यातच त्या राज्याची सगळी गुंतागुंत आली. माझं मत, 'ज्यू लोकांचं राज्य' लिहावं. लांब आहे, पण दिशाभूल करत नाही.

– धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या 'हरेदी' ज्यूंना काय लिहायचं? 'कट्टरपंथी' सर्रास दिसतं.

– 'कर्मठ'. 'कट्टरपंथी' म्हटलं की बंदूक डोळ्यांसमोर येते, आणि इथे तर भांडण बंदूक न धरण्याचं आहे! धर्मशाळेत शिकणाऱ्या हरेदी तरुणांना लष्करी सेवेतून सूट मिळत आली. त्याला कायद्याचा आधार उरलेला नाही, असा निकाल जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

– 'धर्मशाळा' नको हो, तिथे यात्रेकरू उतरतात. 'येशिवा'च ठेवा.