मदत हवी आहे: गेमबॉयसाठी कुठली फ्लॅश कार्ट घेऊ? (आज रात्रीच ठरवायचंय)

रात्रीचा_डबा | मंगळवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. गेमबॉयसाठी (निन्टेन्डोचं जुनं, हातात धरून खेळायचं यंत्र) एक छोटा गेम बनवलाय. कॉम्प्युटरवर झकास चालतो. लेकीच्या वाढदिवसाला तो खऱ्या गेमबॉयवर चालवून द्यायचाय. त्यासाठी फ्लॅश कार्ट (मेमरी कार्डावरचे गेम चालवणारी कॅसेट) लागते इतपत कळलं, पुढे सगळा गोंधळ. एव्हरड्राइव्ह, ईझी-फ्लॅश, आर-फोर, त्यात पुन्हा एक्स-३, एक्स-५, एक्स-७. भाऊ पुढच्या आठवड्यात अमेरिकेतल्या एडिसनहून येतोय. त्याच्याबरोबर मागवायची तर ऑर्डर आज रात्रीच टाकायला हवी. एकच नाव सांगा. "ते अवलंबून आहे" नको.

मुलुंडची_उकड | ९:२०
ते अवलंबून आहे. (हलके घ्या.)
गेमबॉय म्हणजे कुठला? जुना विटेएवढा, कलर, ॲडव्हान्स, एसपी, मायक्रो? की दोन पडद्यांचा डीएस, ज्याला आपल्याकडे सगळे गेमबॉयच म्हणतात?

रात्रीचा_डबा | ९:२३
निळा आहे.

मुलुंडची_उकड | ९:२४
धन्य!

बिनधास्त_बंड्या | ९:२६
आर-फोर घे डोळे झाकून. माझ्याकडे २००८ पासून आहे, अजून चालतंय.

सोल्डरकाका | ९:३१
बंड्या, आर-फोर डीएसचं कार्ड आहे. गेमबॉयच्या खाचेत ते जाणारच नाही. शिवाय त्याच्या कित्येक नकलांमध्ये ठरावीक तारखेनंतर बंद पडणारं सॉफ्टवेअर घातलेलं असतं. मग यंत्राची तारीख मागे न्या, नाहीतर दुसरं कर्नल (कार्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाका. नवख्या माणसाला त्यात ढकलू नकोस.
धागाकर्ते, यंत्र मिटतं का? हेडफोनचं गोल भोक आहे का?

रात्रीचा_डबा | ९:३५
हो, डबीसारखं मिटतं. हेडफोनचं भोक नाही. पुण्यात जुन्या बाजारात मिळालं, चार्जर वेगळा शोधावा लागला. आता सांगा पटकन.

मुलुंडची_उकड | ९:३६
म्हणजे ॲडव्हान्स एसपी. २००३ चं मॉडेल. हे आधी सांगितलं असतं तर बंड्याचा प्रतिसाद वाचला असता.

कोडेश्वर | ९:४०
एसपी असेल तर विषय संपला: ईझी-फ्लॅश ओमेगा, डेफिनिटिव्ह एडिशन. एव्हरड्राइव्हपेक्षा स्वस्त, आणि सेव्ह (खेळातली प्रगती) एफ-रॅममध्ये, म्हणजे वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत राहतं, त्यामुळे बॅटरी गेली म्हणून सेव्ह उडत नाही. आतली बॅटरी फक्त घड्याळासाठी. मी दोन वर्षं वापरतोय.
आणि एक महत्त्वाचं. एम-जीबीए वर (कॉम्प्युटरवर गेमबॉयची नक्कल करणारा इम्युलेटर) गेम चालतो आणि खऱ्या यंत्रावर पांढरा पडदा येतो, असं झालं तर बिल्डच्या (गेमची फाइल तयार करण्याच्या) शेवटी जीबीए-फिक्स हे हेडर दुरुस्त करणारं साधन चालवायला विसरला आहात. हेडरमधला (फाइलच्या सुरुवातीच्या भागातला) लोगो आणि चेकसम (पडताळणीचा आकडा) बरोबर नसला तर यंत्र गेम सुरूच करत नाही. माझे चार रविवार यात गेलेत.

रात्रीचा_डबा | ९:४३
ओमेगा डीई. ठरलं. भावाला मेसेज टाकतो. सर्वांचे आभार _/\_

सोल्डरकाका | ९:४४
थांबा हो! गेम कशात बनवलाय?

दुपारची_झोप | ९:५२
मुळात हे सगळं कशाला? तेवढ्याच पैशांत मियू मिनी हा नवा हँडहेल्ड येतो. पडदा उजळ, चार्जिंग यूएसबी-सीचं, हजारो गेम. लेकीला २० वर्षं जुनं यंत्र देणार आणि ती म्हणणार, बाबा हे काय?

गावठी_गेमर | १०:०१
+१. आणि फ्लॅश कार्ट बेकायदा असते ना? जपानात आर-फोरवर बंदी आली होती.

मुलुंडची_उकड | १०:०८
२००९ साली टोकियोच्या न्यायालयाने आर-फोरची विक्री थांबवली, २०१० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेही निन्टेन्डोच्या बाजूने निकाल दिला. पण त्या खटल्यांचं मूळ दुसऱ्यांचे गेम फुकट खेळण्यात होतं. इथे माणूस स्वतः लिहिलेला गेम स्वतःच्या पोरीला देतोय. त्याला चाच्यांच्या रांगेत कशाला उभं करता?

गावठी_गेमर | १०:१२
कायदा कायदा असतो.

मुलुंडची_उकड | १०:१३
कुठला? कलम सांगा.

तपकीर_गल्लीवाला | १०:२०
अवांतर: आमच्या लहानपणी एकच हँडहेल्ड होता, ब्रिक गेम. वर लिहिलेलं ९९९९ इन १, आणि आत तेच विटा पडण्याचे प्रकार. टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारायचो ते आठवतंय का? काय दिवस होते!

दुपारची_झोप | १०:२४
फुंकर! आणि तरी नाही चालली तर शर्टाला घासायची.

सोल्डरकाका | १०:२७
त्या फुंकरीतल्या ओलाव्यानेच पिना काळ्या पडायच्या. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, बस. जुन्या बाजारातल्या त्या एसपीच्या खाचेलाही एकदा हेच करा.
पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. धागाकर्ते, फाइलचं शेवटचं नाव काय आहे?

रात्रीचा_डबा | १०:५८
जेवत होतो. जीबी स्टुडिओमध्ये बनवलाय. मला कोडिंग येत नाही, त्यात चौकोन ओढून ओढून केलं. फाइल डॉट जीबी आहे. ऑर्डर झाली बरं का, भावाने पैसेही भरले.

सोल्डरकाका | ११:०६
घोळ झाला. मी थांबा म्हणालो होतो.
जीबी स्टुडिओ जुन्या, ८-बिट गेमबॉयचा रॉम (गेमची फाइल) बनवतो. ओमेगा आहे ॲडव्हान्सची. एसपी दोन्ही चालवतो हे खरं, पण दोन वेगळ्या रीतीने. खाचेत एक बारीक बटण असतं. जुन्या गेमबॉयची कॅसेट घातली की तिच्या आकाराने ते दाबलं जातं आणि यंत्र ५ व्होल्टवर जुन्या प्रोसेसरने चालू होतं. ॲडव्हान्सच्या कॅसेटला तिथे खाच कापलेली असते, बटण दाबलं जात नाही, यंत्र ३.३ व्होल्टवर राहतं. म्हणजे हा निर्णय प्लास्टिकचा तुकडा घेतो. ओमेगामध्ये डॉट जीबी फाइल टाकून यंत्राला जुन्या रूपात नेता येत नाही.
तुम्हाला हवी होती गेमबॉयची कार्ट: एव्हरड्राइव्ह जीबी एक्स-३ किंवा ईझी-फ्लॅश ज्युनियर. एक्स-७ मध्ये घड्याळ आणि सेव्ह स्टेट (कुठल्याही क्षणी खेळ जपून ठेवणं) मिळतात, एका मांजराच्या गेमसाठी त्याची गरज नाही.

रात्रीचा_डबा | ११:०९
मांजर आहे हे तुम्हाला कसं कळलं?

सोल्डरकाका | ११:१०
जीबी स्टुडिओच्या दहा गेमांपैकी सहांत मांजर असतं.

कोडेश्वर | ११:१५
एवढं घाबरवू नका काका. ओमेगावर गूम्बा कलर टाकायचा, तो ॲडव्हान्सवर चालणारा गेमबॉयचा इम्युलेटर आहे. डॉट जीबी त्यातून चालेल. १६०×१४४ चं चित्र २४०×१६० च्या पडद्यात पूर्ण मावतं. मला वाटलं हे डेव्हकिटवर (ॲडव्हान्सचे गेम लिहायची साधनं) सी भाषेत लिहितायत, म्हणून जीबीए-फिक्सचं सांगितलं.

सोल्डरकाका | ११:२३
चालेल, पण मग खरं यंत्र कशाला? इम्युलेटरवर तर तो आधीच चालतोय.
आणि भेट द्यायची तर मी फ्लॅश कार्ट घेतलीच नसती. एका गेमपुरती रिकामी, पुन्हा लिहिता येणारी एमबीसी-५ (जुन्या गेमबॉय कॅसेटमधली एक चिप) कॅसेट मिळते. जीबीएक्स-कार्ट नावाचा लहानसा रीडर यूएसबीला लावायचा, फ्लॅश-जीबीएक्स सॉफ्टवेअरने रॉम चढवायचा. चालू केलं की थेट गेम. फायलींची यादी नाही, मेनू नाही, पोरगी चुकून काही पुसत नाही. वर तिने काढलेलं चित्र चिकटवा. चूक सापडली तर पुन्हा लिहा. गेममध्ये सेव्ह असेल तर बॅटरीवाली किंवा एफ-रॅमवाली कॅसेट बघून घ्या, नाहीतर बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बिनधास्त_बंड्या | ११:३०
ॲली एक्सप्रेसवर बघा, स्वस्त मिळतं.

मुलुंडची_उकड | ११:३१
भारतात त्यावर २०२० मध्ये बंदी आली रे बाबा.

कोडेश्वर | ११:३८
काकांची कॅसेट सुंदर, पण रीडर आणि कॅसेट मिळून दोन वस्तू झाल्या, आणि भाऊ निघायला आठवडाच आहे. जे येतंय त्यावर चालवा. मेमरी कार्ड ३२ जीबी किंवा लहान घ्या, फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करून. सेव्ह होतंय का ते वाढदिवसाच्या आधी तपासा, वाढदिवसाला नाही.

गावठी_गेमर | बुधवार, सकाळी ७:१५
कलम शोधतोय.

रात्रीचा_डबा | २० दिवसांनी, रात्री १०:४०
अपडेट. भाऊ आला, ओमेगा आली. गूम्बा टाकला आणि पहिल्या फटक्यात चालला. सेव्ह दोनदा तपासलं, राहतंय. वाढदिवसाला लेकीने डबी उघडली, मेनूत शिरली, माझा गेम सोडून भावाने कार्डावर टाकलेला दुसराच होमब्रू (हौशी माणसाने बनवलेला) गेम अर्धा तास खेळली. मग मांजर खेळली आणि विचारलं, याला उडी का मारता येत नाही?
काका, तो रीडर आणि कॅसेट दिवाळीत भाऊ पुन्हा येईल तेव्हा मागवतोय. या वेळी ऑर्डरच्या आधी इथे फोटो टाकेन. आणि जीबी स्टुडिओमध्ये उडी कशी घालायची?

सोल्डरकाका | रात्री १०:५२
सीनचा प्रकार "प्लॅटफॉर्मर" करा. आत्ता बहुतेक "टॉप डाउन" असेल. जमिनीचे आणि भिंतींचे कोलिजन (कुठे अडायचं त्याच्या खुणा) पुन्हा रंगवावे लागतील, आणि तुमच्या गेममध्ये किती सीन आहेत ते आधी सांगा.

रात्रीचा_डबा | १०:५३
बरेच आहेत.

तपकीर_गल्लीवाला | ११:०५
अवांतर: कोणाकडे चालू स्थितीतला ब्रिक गेम असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकत घेईन.