नांदेडात गंगेवरचा (म्हणजे गोदावरीवरचा) पुढचा पूल देखणा हवा की नुसता भक्कम?

नावघाटकर
मुलीला कॉलेजात सोडायला कोलकात्याला गेलो होतो. टॅक्सी हुगळी नदीवरच्या विद्यासागर सेतूवर चढली आणि मी बोलायचंच थांबलो. दोन उंच मनोरे, त्यांतून पंख्यासारख्या पसरलेल्या केबल, आणि मधला ४५७ मीटरचा गाळा (दोन आधारांमधला भाग) नदीत एकही पाय न टेकता पलीकडे गेलेला. पायाभरणी इंदिरा गांधींनी १९७२ साली केली, काम १९७९ मध्ये सुरू झालं, वाहतूक १० ऑक्टोबर १९९२ ला. त्या काळी आपल्याकडे खात्रीचं वेल्डिंगजोगं पोलाद मिळत नव्हतं, म्हणून जर्मन अभियंता यॉर्ग श्लाइख यांनी नवीन धाटणीच्या पुलाला जुन्या हावडा पुलासारखे रिव्हेट (पत्रे जोडायला ठोकायचे जाड खिळे) वापरले. आपल्या कारागिरांच्या हाताला जे काम सवयीचं, त्यावर त्यांनी पूल बेतला. हे मला फार मोठं वाटतं.

आता नांदेडचं. गोदावरीवर आपले पूल आहेत, पण एकाचंही चित्र कोणी घरात लावणार नाही. पुढचा पूल जेव्हा केव्हा होईल, तो केबलचा व्हावा. नदीत खांब नको. २००६ च्या महापुरात जुन्या पुलाच्या खांबांना अडकलेली जलपर्णी, बाभळीची झाडं आणि एक अख्खी कडब्याची गंजी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुमचं मत सांगा.

रेतीसिमेंट
दादा, पूल मलाही आवडतो, पण तुमच्या मागणीला माझा साफ विरोध आहे. हुगळीत खांब का टाळले? तिथं बंदर आहे, खालून जहाजं जातात, भरती-ओहोटी आहे, तळाशी खोलवर गाळ आहे. १८७४ चा जुना तरंगता पूल तर बोटींना वाट द्यायला मधून उघडावा लागायचा. गंगेतून आपल्याकडे कुठलं जहाज जाणार? मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण फार खोल नसतो. तीस-चाळीस मीटरचे गाळे, प्रीस्ट्रेस्ड गर्डर (आत ताणलेल्या पोलादी तारांच्या काँक्रीट तुळया), खडकात नीट रोवलेला पाया, एवढं पुरे.

आणि पुराचं म्हणाल तर खांब बदनाम आहेत, खरा गुन्हेगार भराव आहे. दोन्ही काठांना पूररेषेच्या आत मातीचा उंच भराव घालून रस्ता पुलावर चढवला की नदीचं पात्र आवळलं जातं. पाणी वर फुगतं, खाली जोर धरतं आणि पायाजवळची माती उपसून नेतं. भराव काढून तिथं चार-सहा गाळे वाढवा. पैसा त्यात घाला.

सिडकोची ताई
मी पलीकडच्या काठावर राहते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना झटका आला, शहरातून विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स पुलावर दीड मिनिटही नव्हती. अलीकडच्या चौकात अठरा मिनिटं उभी होती. मी मोबाईलवर वेळ बघत होते म्हणून आकडा लक्षात आहे. समोर उसाची ट्रॉली, बाजूला ऑटो, मागे एसटी. पूल कसला का असेना, त्याची तोंडं मोकळी करा.

नावघाटकर
ताई, सासूबाई आता बऱ्या असतील अशी आशा करतो. चौकाचं आणि भरावाचं दोन्ही मान्य. पण पूल शंभर वर्षं उभा राहणार. दरवेळी ‘एवढं पुरे’ म्हणून आपण शहर किती साधं करत जायचं? दिल्लीचा सिग्नेचर ब्रिज बघा. १५४ मीटरचा एकच तिरका मनोरा, कुतुबमिनारच्या दुप्पट उंच. २०१८ मध्ये खुला झाल्यापासून लोक तो बघायला मुद्दाम जातात.

रेतीसिमेंट
बरं झालं दिल्ली काढलीत. नोव्हेंबर १९९७ मध्ये वजिराबादच्या अरुंद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली. त्यानंतर नवा रुंद पूल हवाच, अशी मागणी उठली. तो मिळाला २०१८ साली, खर्च दीड हजार कोटींच्या वर. मनोऱ्याच्या हट्टापायी लोक एकवीस वर्षं जुन्याच पुलावरून जात राहिले. याउलट महाडची सावित्री. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. नवा साधा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली.

खामकाठी
रेतीसिमेंट, एकवीस वर्षांचा सगळा दोष मनोऱ्यावर टाकू नका. मंजुरी, निधी, ठेकेदार यांत साधे पूलही दहा-दहा वर्षं लोंबकळतात, हे आपण मराठवाड्यात राहून बघतोच आहोत.

नावघाटकरांनाही एक सांगतो. देखणा म्हणजे केबलचाच, हे कुठून आलं? आमच्या औरंगाबादेत, आता छत्रपती संभाजीनगर, खाम नदीवर मकाई दरवाजाचा दगडी पूल आहे. कमानी ठेंगण्या, पण दरवाजा, पूल आणि नदी एका हाताने काढल्यासारखी वाटतात. साध्या गर्डरच्या पुलालाही खांबाचा आकार, कठड्याची जाळी, दगडाचा रंग देता येतो. त्याला फार पैसा लागत नाही. लागतो तो नकाशावर बसून विचार करणारा माणूस, आणि निविदेत त्याला जागाच नसते.

रेतीसिमेंट
हे पटलं. राहिली निगा. विद्यासागर सेतूच्या काही केबल बदलायचं काम २०२३ मध्ये निघालं, महिनोन्‌महिने काही लेन बंद ठेवाव्या लागल्या. हावडा पुलाच्या पोलादी टांगणींचे पाय पानाच्या पिचकाऱ्यांनी झिजले, शेवटी त्यांना फायबरग्लासची आवरणं घातली. तिथं निदान निगा राखणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे एक्स्पान्शन जॉइंट उखडला की त्यात डांबर ओततात. जॉइंट म्हणजे उन्हाळ्यात पूल फुगायला ठेवलेली फट. ती बुजवली की स्लॅब एकमेकांना रेटतात, कडा फुटतात. जुन्या पुलावर एसटी गेली की ‘धाडधाड’ वाजतं ना, ते तेच. ज्या गावाला फट सांभाळता येत नाही, त्याच्या हाती केबल देऊ नका.

मुखेडचा मास्तर
तुम्ही सगळे शहराचं बोलताय, म्हणून राहवलं नाही. आमच्या गावाला यायच्या वाटेवर ओढ्यावर नळकांडी पूल आहे. एक जोरदार पाऊस झाला की नळ्यांत काटक्या-पाचोळा अडकतो आणि पाणी वरून जातं. यंदा सातवीच्या दोन मुली दप्तर डोक्यावर घेऊन, एकमेकींचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून निघाल्या होत्या. मी ओरडून परत पाठवलं. त्या दिवशी पटावर पंचेचाळीसपैकी अकरा हजर. असले ओढे तालुक्यात किती तरी. गंगेवर मनोरा उभारायचा पैसा असेल तर तो आधी इकडे वळवा. याहून दुसरं मला काही म्हणायचं नाही.

नावघाटकर
गुरुजी, त्या मुलींपुढे माझ्या मनोऱ्याचं काही चालत नाही. केबलचा हट्ट सोडतो. पण दगडी कठड्याचा आणि नीट फूटपाथचा नाही सोडत. पूर आला की अख्खं नांदेड पुलावर गंगा बघायला येतं, आणि उभं कुठं राहतं? ट्रकच्या चाकाशी.

सिडकोची ताई
फूटपाथ दोन्ही बाजूंनी पाहिजे, आणि मध्ये-मध्ये थोडी बाहेर काढलेली जागा. बाया गाडी थांबवून गंगेला नाणं टाकतात, निर्माल्य सोडतात. त्यासाठी तिथंच कुंड ठेवा, म्हणजे पाण्यात घाण पडणार नाही. सासूबाई आता बऱ्या आहेत, काठी घेऊन चालतात. पुलावरून गेलो की त्या हात जोडतात, आणि मागचा हॉर्न वाजवत असतो.

मुखेडचा मास्तर
फूटपाथाला माझी हरकत नाही, ताई. फक्त निविदा निघताना आधी आमच्या ओढ्याची निघू द्या. जूनमध्ये शाळा सुरू होते.