साइटवरचं डिझेल काढून बॅटरी नि हायड्रोजन : खरंच जमेल का?

खड्डाबहाद्दर :
वीज, पाणी, गॅसच्या लाइनी दुरुस्त करणाऱ्या गँगबरोबर बरीच वर्षं काढलीयत म्हणून हा धागा. सध्या जो तो म्हणतोय साइटवरचं डिझेल बंद करा, जनरेटर, रस्ता फोडायचा ब्रेकर, खोदाईचं मशीन, माणसाला तारेपर्यंत उचलणारा बकेट ट्रक सगळं बॅटरीवर नाहीतर हायड्रोजनवर न्या. माझं मत सरळ आहे, बॅटरी आजच आणा, हायड्रोजनचं खूळ तूर्त नको. बकेट ट्रक दिवसभर काय करतो बघितलंय का कोणी? माणूस वर तारेपाशी, ट्रक जागेवर उभा, आणि इंजिन घुरघुर चालूच, कशासाठी तर मधूनमधून दोन मिनिटं बूम, म्हणजे माणसाला धरणारा लांब हात, हलवायला हायड्रॉलिक पंपाला प्रेशर हवं म्हणून. खालचा ओरडतो, वरचा म्हणतो काय? काय?? त्या पंपाला मोटर नि बॅटरी दिली की झालं, इंजिन बंद. जनरेटरची तीच गत. २० किलोवॉटचा आणून ठेवायचा आणि रात्रभर त्यावर चार दिवे नि एक पंप. इतक्या कमी लोडवर डिझेल नीट जळतच नाही, सायलेन्सरमधून काळं चिकट तेल ओघळतं. पुसलंय मी ते.

रात्रपाळी :
असहमत. तुम्ही ठरवून केलेल्या कामाचं बोलताय. वादळात खांब आडवे झाले की आमची गँग जाते कुठे, तर जिथे वीज नाही तिथेच ना! मग बॅटरी काय लिंबात तारा खुपसून चार्ज करायची? डिझेलचे दोन कॅन मागे टाकले की तीन दिवस बघायला नको.

हलकावायू :
रात्रपाळी, म्हणूनच तर हायड्रोजन. सिलिंडर बदलला की काम पुन्हा सुरू, आवाज जवळपास नाही, फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजनपासून न जाळता थेट वीज करणारं यंत्र, त्यातून बाहेर पडते ती पाण्याची वाफ. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ लाच पक्कं सांगितलंय आणि आपली माणसं खड्ड्यात उतरून तोच धूर ओढतायत, कारण जनरेटर नेमका खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेला असतो.

खड्डाबहाद्दर :
धुराचं शंभर टक्के मान्य. पण हलकावायू, तो सिलिंडर तुम्ही कधी उचललाय का? ५० लिटरचा, २०० बार दाबाचा, लोखंडी. वजन साठेक किलो, आणि आत हायड्रोजन किती, तर पाऊण किलोच्या आतच. अडीच लिटर डिझेलएवढी ऊर्जा! रात्रपाळीच्या एका कॅनसाठी असे किती चढवायचे ट्रकवर?

हलकावायू :
अर्धाच हिशेब केलात. फ्युएल सेल त्यातली निम्मी ऊर्जा विजेत आणतो, तुमचा काळं तेल गाळणारा जनरेटर त्या लोडवर पाव भाग तरी आणतो का? म्हणजे तो सिलिंडर पाच लिटर डिझेलचं काम करतो. शिवाय ३५० बारच्या कंपोझिट, म्हणजे लोखंडाऐवजी फायबरच्या, टाक्या आहेत, त्या बऱ्याच हलक्या पडतात.

मीटरवाली :
मधेच बोलते, हायड्रोजन येतो कुठून ते कोणीच विचारत नाहीये. पाण्यापासून एक किलो काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, फ्युएल सेलमधून परत मिळतात १६-१७. तीच ५० युनिटं बॅटरीत घातली तर चाळीसच्या वर परत येतात. आणि आज मिळणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासूनच बनतो, वायूपासून केला तर किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड. धूर खड्ड्यातून उचलून कारखान्यात नेऊन ठेवला, एवढंच. गँगच्या फुप्फुसांना फायदा आहे, ते नाकारत नाही.
बाय द वे खड्डाबहाद्दर, तुमचे ते चार एलईडी दिवे मिळून १ किलोवॉट धरा, पंप दीड, आठ तासांचे २० युनिट. तेवढी बॅटरी दीडदोनशे किलोत बसते. जेसीबीने २०१९ मध्ये छोटं इलेक्ट्रिक एक्सकॅव्हेटर काढलं त्यातही साधारण एवढीच आहे. मोठ्या मशिनांना मात्र तीच कंपनी हायड्रोजन जाळणारं इंजिन करतेय, त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

रात्रपाळी :
आणि गॅसची लाइन फुटलेल्या खड्ड्याशेजारी हा आणखी एक गॅस ठेवायचा? हवेत ४ ते ७५ टक्के कितीही मिसळला तरी पेटतो, वास नाही, दिवसा ज्योतही धड दिसत नाही. मला घरी जायचंय राव.

हलकावायू :
उघड्यावर तो झटकन वर निघून जातो, सांडलेल्या पेट्रोलच्या वाफेसारखा खड्ड्यात साचत नाही. बंद व्हॅनमध्ये मीही ठेवणार नाही, आणि गॅस लीकच्या जागी तर जनरेटर कुठलाही असो, लांबच हवा. डिझेलचाही.

मीटरवाली :
नॉर्वेतल्या ऑस्लोत शहराच्या मधोमध एक अख्खा रस्ता इलेक्ट्रिक मशिनांनी उकरून नव्याने केला, काम २०१९ ला सुरू झालं. पण तिथे शेजारी ग्रिडची वीज होती, त्यामुळे रात्रपाळीचा मुद्दा जागच्या जागी राहतो.

रात्रपाळी :
अखेर कोणीतरी ऐकलं! बरं एक सांगा, भरलेली बॅटरी ट्रेलरवर सोबत न्यायची, आणि छोटा डिझेल जनरेटर फक्त ती चार्ज करायला, फुल लोडवर दोनतीन तास चालवून बंद, असं केलं तर?

खड्डाबहाद्दर :
हे पटलं. काळं तेलही नाही, रात्रभर घरघरही नाही.

हलकावायू :
मग त्या छोट्या डिझेलच्या जागी फ्युएल सेल बसवा की! त्यालाही असा एकसारखाच लोड मानवतो.

खड्डाबहाद्दर :
बसवू. चिखलातून तो सिलिंडर ट्रेलरपर्यंत तुम्ही आणा, मी पाना घेऊन उभा आहे.