मदत हवी आहे: आयफेल टॉवरचं जुनं प्रिंट, लिथोग्राफ की ऑफसेट?

नमस्कार मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना काकांच्या ट्रंकेत आयफेल टॉवरचं एक प्रिंट सापडलं, टॉवर सरळ उभा नाहीच, तुकडे तुकडे होऊन आजूबाजूच्या घरांवर झुकलाय, फ्रेंच चित्रकार रोबेर दलोनेने १९०९ पासून रंगवला ना, तसाच. काका इथेच फाइन आर्ट्सला शिकले, फार जीव होता त्यांचा अशा चित्रांवर. भिंगातून बघितलं तर ऑफसेटसारखे, म्हणजे नेहमीच्या यंत्रावरच्या छपाईसारखे, ओळीतले ठिपके नाहीत, खडूसारखा रवाळ पोत आहे, म्हणजे लिथोग्राफच (दगडावर चित्र काढून त्यावरून घेतलेला छाप) असेल का? खाली पेन्सिलीने १४/६० लिहिलंय, म्हणजे साठ प्रतींपैकी चौदावी असावी. मागचा पुठ्ठा पिवळा पडलाय आणि त्याचं अ‍ॅसिड उतरून कडेला तपकिरी डाग आलेत, बघवत नाही हो. बडोद्यात जुन्या कागदाचं काम नीट करणारं कोणी माहीत आहे का? आणि तोवर पुठ्ठा काढू की हातच लावू नको?