टॉप रूटच्या नावाने नको

लिनक्सच्या एका स्क्रीनवर टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) कायम दिसत ठेवायचा, तर आरसी-लोकल या बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमधून, ओपनव्हीटी या कमांडने तो आठव्या कन्सोलवर (मजकुराच्या आठव्या स्क्रीनवर) चढवा, असं सुचवलं जातं; तसं करता येतं, यात वाद नाही. पण तो रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून चालतो, हे कुणी बोललंच नाही. कीबोर्डपाशी येणारा कुणीही 'के' दाबून हवी ती प्रोसेस मारू शकतो, पासवर्डची गरजच नाही! टॉपला उणे एस (-s) दिला की सिक्युअर मोड लागतो, म्हणजे 'के' चालत नाही, तरीही मी त्यासाठी वेगळा साधा युजरच ठेवतो. टॉपऐवजी लेस या फाइल वाचायच्या प्रोग्रॅमने लॉग दाखवत असाल तर उद्गारचिन्हाने थेट शेल, म्हणजे हवी ती कमांड द्यायची सोय मिळते, तिथे तर साधा युजर हवाच.

शिवाय कुणी 'क्यू' दाबला की ओपनव्हीटीवाला टॉप गेला तो गेलाच. त्यापेक्षा सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या, सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) छोटी युनिट फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल बरी: स्टँडर्डइनपुट टीटीवाय, टीटीवायपाथ आठवा कन्सोल, युजर तो साधा, रीस्टार्ट ऑलवेज. सोबत रीस्टार्टसेक ३ द्याच, म्हणजे पुन्हा सुरू करण्याआधी ३ सेकंद थांबणं. मुळात ते १०० मिलिसेकंद असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू झाल्यावर सिस्टमडी हात वर करतं. पोरांनी 'क्यू' बडवत ठेवला की स्क्रीन रिकामी. पहिले सहा कन्सोल मात्र टाळा, तिथे लॉगइनडी (लॉगिन सांभाळणारा सिस्टमडीचा भाग) गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम आणून बसवतं.